हॅस्केल: केसची उतरंड, मोनॅड आणि कोडची शैली

कोरीपाटी

नमस्कार. कामात पायथन आणि सी प्लस प्लस वापरतो, सध्या हॅस्केल ही फंक्शनल प्रोग्रामिंगची भाषा शिकतोय. टाइप, पॅटर्न मॅचिंग, मॅप, फिल्टर, फोल्ड इथपर्यंत अडचण आली नाही. सरावासाठी एक छोटा प्रोग्राम घेतलाय: सेटिंगची फाइल वाचायची, प्रत्येक ओळीत "नाव=मूल्य" असतं, त्यातून पोर्ट आणि मुदत हे दोन आकडे काढायचे आणि पुढचं काम सुरू करायचं.

इथे कोड देवनागरीत लिहितोय. हॅस्केलमध्ये टाइप आणि कन्स्ट्रक्टर कॅपिटल अक्षराने सुरू होतात आणि व्हेरिएबल स्मॉलने. देवनागरीत तो फरक दिसत नाही, तेवढा संदर्भावरून ओळखावा.

```
वाचा :: [(स्ट्रिंग, स्ट्रिंग)] -> मेबी सेटिंग
वाचा जोड्या =
  केस लुकअप "पोर्ट" जोड्या ऑफ
    नथिंग -> नथिंग
    जस्ट प -> केस रीडमेबी प ऑफ
      नथिंग -> नथिंग
      जस्ट पोर्ट -> केस लुकअप "मुदत" जोड्या ऑफ
        नथिंग -> नथिंग
        जस्ट म -> केस रीडमेबी म ऑफ
          नथिंग -> नथिंग
          जस्ट मुदत -> जस्ट (सेटिंग पोर्ट मुदत)
```

मेबी म्हणजे किंमत असेल तर जस्ट, नसेल तर नथिंग. हे चालतं, पण उजवीकडे सरकत जाणारी ही उतरंड बघवत नाही. इथे मोनॅड वापरायचा असं सगळीकडे वाचलं, पण नेमकं काय करायचं ते कळलं नाही. दुसरी अडचण मेनमध्ये आहे:

```
मेन = डू
  मजकूर <- रीडफाइल "सेटिंग.कॉन्फ"
  लेट जोड्या = जोड्याकर मजकूर
    किती = लेंथ जोड्या
  स <- वाचा जोड्या
  सुरू स
```

आधी "किती"च्या ओळीवर पार्स एरर येते. ती ओळ काढली तर "वाचा जोड्या"वर कंपायलर म्हणतो की आयओ (बाहेरच्या जगाशी व्यवहार करणारी कृती) हवं होतं, मेबी मिळालं. आणि "जोड्या" खाली व्हेअरमध्ये हलवलं तर "मजकूर" नावाचं काही नाहीच म्हणतो. तिन्ही गोष्टींचं कारण समजून घ्यायचं आहे, नुसता दुरुस्त केलेला कोड नको.

सावकाश

प्रश्न नीट मांडलाय, त्यामुळे उत्तर देणं सोपं आहे. मोनॅड हा शब्द थोडा वेळ बाजूला ठेवा आणि तुमच्याच कोडकडे बघा. त्यात एकच आकार चार वेळा आलाय: एक मेबी घ्या, ते नथिंग असेल तर नथिंग द्या, जस्ट असेल तर आतली किंमत पुढच्या कामाला द्या. एकच गोष्ट चारदा लिहावी लागली तर आपण काय करतो? तिचं फंक्शन करतो.

```
मग :: मेबी अ -> (अ -> मेबी ब) -> मेबी ब
मग नथिंग      _ = नथिंग
मग (जस्ट क्ष) फ = फ क्ष
```

आता वाचा असं लिहिता येईल:

```
वाचा जोड्या =
  लुकअप "पोर्ट" जोड्या `मग` \प ->
  रीडमेबी प            `मग` \पोर्ट ->
  लुकअप "मुदत" जोड्या  `मग` \म ->
  रीडमेबी म            `मग` \मुदत ->
  जस्ट (सेटिंग पोर्ट मुदत)
```

उतरंड गेली. हे "मग" म्हणजेच हॅस्केलमधलं `>>=`, ज्याला बाइंड म्हणतात. फरक एवढाच की वरचं "मग" फक्त मेबीसाठी आहे, आणि `>>=` हे मोनॅड या टाइपक्लासमधलं (वेगवेगळ्या टाइपना समान फंक्शनं देणाऱ्या गटातलं) फंक्शन असल्यामुळे मेबी, आयदर, लिस्ट, आयओ अशा प्रत्येकासाठी त्याची वेगळी व्याख्या दिलेली असते. मेबीसाठी त्याचा अर्थ "मागचं जमलं तर पुढे जा". आयओसाठी "मागची कृती करून तिचा निकाल पुढे दे". लिस्टसाठी "मागच्या प्रत्येक घटकासाठी पुढचं काम कर आणि सगळे निकाल एका लिस्टमध्ये जोड".

डू ही याच साखळीची दुसरी लेखनपद्धत आहे:

```
वाचा जोड्या = डू
  प     <- लुकअप "पोर्ट" जोड्या
  पोर्ट <- रीडमेबी प
  म     <- लुकअप "मुदत" जोड्या
  मुदत  <- रीडमेबी म
  प्युअर (सेटिंग पोर्ट मुदत)
```

कंपायलर ह्या प्रत्येक बाणाच्या ओळीचं रूपांतर `>>=` आणि लॅम्ब्डामध्येच (निनावी फंक्शनमध्ये) करतो. काही दिवस मुद्दाम दोन्ही पद्धतींनी लिहून बघा. डूचा ब्लॉक मनातल्या मनात उलगडता आला की पुढे आयओमधल्या टाइप एरर वाचणं फार सोपं जातं.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. जुन्या कोडमध्ये प्युअरच्या जागी रिटर्न दिसेल. पायथनमधल्या रिटर्नशी त्याचा संबंध नाही. ते फंक्शनमधून बाहेर पडत नाही, फक्त साधी किंमत मोनॅडमध्ये घालून देतं. ब्लॉकच्या मध्येच रिटर्न लिहिलं तरी त्याच्या खालच्या ओळी चालतातच.

रेघोटी

मेनमधल्या तीन एररबद्दल.

पार्स एरर लेआउटच्या नियमामुळे येते. डू, लेट, व्हेअर आणि ऑफ या चार शब्दांनंतर महिरपी कंस नसेल, तर पुढचा पहिला शब्द ज्या कॉलममध्ये सुरू होतो तो त्या ब्लॉकचा कॉलम ठरतो. पुढची ओळ बरोबर त्याच कॉलमवर सुरू झाली तर ती नवी ओळ, त्याच्या उजवीकडे सुरू झाली तर आधीच्याच ओळीचा उरलेला भाग, आणि डावीकडे आली तर ब्लॉक संपला. तुमच्या लेटचा कॉलम "जोड्या" या शब्दाने ठरला, आणि "किती" त्याच्या डावीकडे आलं. तिथे लेटचा ब्लॉक बंद झाला. पण ती ओळ डूच्या कॉलमच्या उजवीकडे आहे, म्हणून ती लेटच्याच ओळीचा उरलेला भाग धरली जाते, आणि तसं वाचलं तर व्याकरणात बसत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे लेट एकट्याने एका ओळीवर लिहायचं:

```
  लेट
    जोड्या = जोड्याकर मजकूर
    किती   = लेंथ जोड्या
```

मग कॉलम मोजत बसावं लागत नाही, आणि नाव बदललं तरी खालच्या ओळी पुन्हा सरकवाव्या लागत नाहीत. टॅब मात्र वापरू नका. हॅस्केलच्या नियमाप्रमाणे टॅब पुढच्या आठच्या पटीतल्या जागेपर्यंत सरकतो. एडिटर तो चारचा दाखवत असेल तर डोळ्यांना दिसणारा कॉलम आणि कंपायलरचा कॉलम वेगळे पडतात.

व्हेअरचं कारण वेगळं आहे. व्हेअर हे पूर्ण व्याख्येला जोडलेलं असतं, म्हणजे "मेन = ..." या समीकरणाला. तिथे फंक्शनची आर्ग्युमेंट दिसतात आणि सगळ्या गार्डमध्ये (अटींच्या फांद्यांमध्ये) ती नावं वापरता येतात, हा त्याचा मोठा फायदा. पण डूच्या आत बाणाने आलेलं नाव म्हणजे आतल्या लॅम्ब्डाचं आर्ग्युमेंट. सावकाश यांनी वर उलगडून दाखवलंय तसं पाहिलं तर "मजकूर" हे `\मजकूर -> ...` मधलं नाव आहे, आणि ते त्या लॅम्ब्डाच्या बाहेर नाहीच. म्हणून बाणाने आलेल्या नावावर अवलंबून असलेलं लेटमध्ये, बाकीचं व्हेअरमध्ये.

सावकाश

आणि तिसरी एरर, आयओ हवं होतं ती. एका डू ब्लॉकला एकच मोनॅड. `>>=` चा टाइप बघा: `म अ -> (अ -> म ब) -> म ब`. तिन्ही जागी "म" एकच आहे. मेनचा ब्लॉक आयओचा आहे, त्यामुळे त्यातल्या प्रत्येक बाणाच्या उजवीकडे आयओच यायला हवं. "वाचा जोड्या" ही मेबी आहे, आणि तिला आयओची गरजही नाही. तिथे सरळ केस वापरा:

```
  केस वाचा जोड्या ऑफ
    नथिंग -> पुटस्ट्रिंगलाइन "सेटिंग चुकीची आहे"
    जस्ट स -> सुरू स
```

हे कमी दर्जाचं समजू नका. शुद्ध फंक्शनचा निकाल आणि बाहेरचं जग यांच्या सीमेवर एक केस असणं हा अगदी चांगला हॅस्केल कोड आहे.

पानगळ

मी रोजच्या कामात हॅस्केल लिहिते, त्यामुळे माझं पहिलं म्हणणं मेबीबद्दल आहे. "सेटिंग चुकीची आहे" हा संदेश ज्याला दिसेल त्याला काहीही कळणार नाही. पोर्टची ओळच नाही की आकड्याच्या जागी अक्षरं आहेत? मेबीमध्ये ती माहिती ठेवायला जागाच नाही. आयदर वापरा, म्हणजे लेफ्टमध्ये चूक किंवा राइटमध्ये निकाल. साखळीचा आकार तोच राहतो, अपयशाला कारण मिळतं.

```
डेटा चूक = ओळनाही स्ट्रिंग
         | आकडानाही स्ट्रिंग स्ट्रिंग

नाहीतर :: चूक -> मेबी अ -> आयदर चूक अ
नाहीतर च नथिंग      = लेफ्ट च
नाहीतर _ (जस्ट क्ष) = राइट क्ष

आकडा :: [(स्ट्रिंग, स्ट्रिंग)] -> स्ट्रिंग -> आयदर चूक इंट
आकडा जोड्या नाव = डू
  म <- नाहीतर (ओळनाही नाव) (लुकअप नाव जोड्या)
  नाहीतर (आकडानाही नाव म) (रीडमेबी म)
```

चुकीसाठी टाइप म्हणून नुसती स्ट्रिंग ठेवू नका. वेगळा डेटा टाइप केला की टेस्टमध्ये थेट तुलना करता येते, आणि नवी चूक वाढवली की ती कुठे हाताळायची राहिली हे कंपायलर दाखवतो. त्यासाठी डॅश-डब्ल्यू-ऑल हा इशारे देणारा कंपायलरचा पर्याय पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. अपुरे पॅटर्न, झाकली गेलेली नावं, न वापरलेले इम्पोर्ट, सगळं त्यात येतं.

रीडमेबीबद्दलही सावध करते. इंटसाठी ते "-5" आनंदाने स्वीकारतं, आजूबाजूच्या रिकाम्या जागा सोडून देतं, आणि इंटमध्ये न मावणारा प्रचंड आकडा दिला तर नथिंग न देता गुंडाळून भलताच आकडा देतं. पोर्ट 1 ते 65535 मध्ये आहे का हे वेगळं तपासलं पाहिजे. रीडमेबी इंटिजरमध्ये करा, मर्यादा तपासा, मग इंट करा.

रेघोटी

पानगळ, आकडा आता आयदर देतं, तर वाचाला डूची गरजच उरत नाही:

```
वाचा जोड्या = सेटिंग <$> आकडा जोड्या "पोर्ट" <*> आकडा जोड्या "मुदत"
```

कोरीपाटी, ही ॲप्लिकेटिव्ह पद्धत. दुसरी पायरी पहिलीच्या निकालावर अवलंबून नसेल तर मोनॅडची पूर्ण ताकद लागत नाही. मुदत वाचायला पोर्टची किंमत लागत नाही, म्हणून इथे ती बसते. आकडाच्या आत मात्र "म" मिळाल्याशिवाय तो आकडा आहे का हे तपासता येत नाही, म्हणून तिथे डू बरोबर आहे. कोड वाचणाऱ्याला यातून अवलंबित्व चटकन दिसतं, हे मला या शैलीत सगळ्यात आवडतं.

पानगळ

दिसतं हे खरं. पण पोर्ट आणि मुदत दोन्ही इंट आहेत. कुणी क्रम उलटा लिहिला तरी कंपायलर गप्प बसेल आणि मुदतीच्या जागी पोर्ट जाईल. फील्ड दोन आहेत तोवर ठीक, सात-आठ झाली की `<*>` च्या रांगेत ही चूक डोळ्यांना दिसत नाही. दोन उपाय आहेत. एक, न्यूटाइप करा: पोर्ट वेगळा, मुदत वेगळी, मग क्रम चुकला तर टाइप जुळत नाही. न्यूटाइपचा चालताना काही खर्च नाही, कंपाइल झाल्यावर वेष्टन उरत नाही. दोन, डू लिहून शेवटी रेकॉर्डची फील्ड नावाने भरा. माझ्या मते न्यूटाइप जास्त चांगला, कारण तो पुढेही सगळीकडे राखण करतो, आणि वरची मर्यादेची तपासणी त्याच्या एकाच बनवणाऱ्या फंक्शनमध्ये ठेवता येते. मॉड्यूलमधून फक्त ते फंक्शन बाहेर द्यायचं, कन्स्ट्रक्टर नाही.

कोरीपाटी

आता बाण आणि डू यांचा संबंध लागला. दोन प्रश्न. दोन्ही ओळी चुकीच्या असतील तर आयदर फक्त पहिली चूक सांगतो. दोन्ही एकदम सांगता येतील का? आणि मोनॅडचे तीन नियम सगळे लिहितात, रोजच्या कोडमध्ये त्यांचा उपयोग काय?

गणकयंत्र

दोन्ही प्रश्न एकमेकांशी जोडलेले आहेत.

`>>=` च्या उजवीकडे फंक्शन असतं, आणि ते चालवायला डावीकडची किंमत लागते. डावीकडे लेफ्ट असेल तर किंमतच नाही, म्हणजे उजवीकडे काय चुकलं असतं हे कळायला मार्ग नाही. `<*>` मध्ये दोन्ही बाजू आधीपासून हातात असतात, त्यामुळे दोन्हीकडच्या चुका गोळा करणं शक्य असतं. आयदर ते करत नाही, कारण आयदर मोनॅडही आहे आणि त्याचं `<*>` त्याच्या `>>=` शी जुळलंच पाहिजे. म्हणून चुका गोळा करण्यासाठी व्हॅलिडेशन नावाचा वेगळा टाइप वापरतात. आकार आयदरसारखाच, पण तो फक्त ॲप्लिकेटिव्ह आहे. दोन्ही बाजूंना चूक असेल तर तो सेमीग्रुप (जोडता येणाऱ्या टाइपचा टाइपक्लास) याच्या `<>` ने त्या जोडतो. त्यामुळे चुका लिस्टमध्ये किंवा रिकामी नसणाऱ्या लिस्टमध्ये ठेवायच्या. रेघोटी यांची ॲप्लिकेटिव्ह ओळ अक्षरही न बदलता चालेल, आकडाचा निकाल तेवढा व्हॅलिडेशनमध्ये बदलून द्यायचा.

ही विभागणी भाषेत उशिरा आली. मोनॅड आधीपासून होते, ॲप्लिकेटिव्हची मांडणी कॉनर मॅकब्राइड आणि रॉस पॅटर्सन यांनी 2008 च्या शोधनिबंधात केली, आणि ॲप्लिकेटिव्ह हा मोनॅडचा पाया 2015 च्या जीएचसी (हॅस्केलचा कंपायलर) 7.10 मध्ये झाला. जुन्या लेखांमध्ये मोनॅडची इन्स्टन्स लिहिताना फंक्टर आणि ॲप्लिकेटिव्ह दिसत नाहीत, तो कोड आज कंपाइल होत नाही, त्याचं कारण हेच.

आता नियम. रोजच्या कामात ते कोड बदलताना उपयोगी पडतात.

`प्युअर क्ष >>= फ` आणि `फ क्ष` एकच. म्हणून डूमध्ये `न <- प्युअर (काहीतरी)` लिहिण्याऐवजी लेट लिहायचं.

`कृती >>= प्युअर` आणि `कृती` एकच. म्हणून शेवटच्या दोन ओळी `न <- कृती` आणि `प्युअर न` अशा असतील तर तिथे फक्त `कृती` लिहायची. एचलिंट हे कोड तपासणारं साधन तसं सुचवतंही.

तिसरा, साहचर्याचा नियम, सगळ्यात मोलाचा. `(अ >>= ब) >>= क` आणि `अ >>= (\क्ष -> ब क्ष >>= क)` एकच. डूच्या भाषेत याचा अर्थ असा की लांब ब्लॉकमधल्या मधल्या चार ओळी उचलून वेगळ्या फंक्शनमध्ये नेल्या आणि तिथे त्याचं नाव लिहिलं, तर अर्थ बदलत नाही. लांबलचक मेन तोडून छोटी फंक्शनं करताना आपण जो विश्वास ठेवतो तो या नियमावर उभा आहे. स्वतःचा मोनॅड लिहिताना हा नियम मोडला, तर तो वापरणाऱ्यांना कोडचे तुकडे करण्याचीही भीती वाटेल.

रेघोटी

गणकयंत्र, हॅस्केलमध्ये आयओ मोनॅडमधून करायचं कसं ठरलं तेही लिहा ना. ते कळलं की नव्या माणसाच्या मनातला गोंधळ बराच कमी होतो.

गणकयंत्र

थोडक्यात लिहितो. 1980 च्या दशकात आळशी मूल्यमापनाच्या (किंमत लागेल तेव्हाच काढणाऱ्या) बऱ्याच भाषा एकमेकींच्या जवळच्या, पण वेगवेगळ्या होत्या. त्यांच्याऐवजी एक सामाईक भाषा असावी म्हणून 1987 मध्ये पोर्टलंडच्या परिषदेत समिती नेमण्याचं ठरलं, आणि 1990 मध्ये हॅस्केल 1.0 चा आराखडा आला. तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांच्यावरून भाषेचं नाव पडलं.

आळशी भाषेत एखादी किंमत कधी काढली जाईल, किंवा काढली जाईल की नाही, हे कोडच्या क्रमावरून ठरत नाही. तिथे फंक्शनच्या आत गुपचूप छापणं किंवा वाचणं ठेवलं तर ते कुठल्या क्रमाने होईल याची खात्री उरत नाही. म्हणून बाहेरचं काम शुद्ध भागापासून वेगळं ठेवणं भागच होतं. 1.0 मध्ये त्यासाठी विनंत्या आणि उत्तरांच्या आळशी लिस्ट वापरायच्या, आणि ते लिहायला फार अवघड होतं. युजेनियो मोग्गी यांनी प्रोग्रामचा अर्थ सांगण्यासाठी कॅटेगरी थिअरीतले मोनॅड वापरले होते. फिलिप वॅडलर यांनी तीच रचना प्रोग्राम लिहायलाही उपयोगी पडते हे दाखवलं. 1996 च्या हॅस्केल 1.3 मध्ये आयओ मोनॅडच्या रूपात आलं आणि डूची लेखनपद्धतही तेव्हाच आली.

म्हणजे मोनॅड ही आयओची युक्ती नाही. मेबीचा मोनॅड काहीही लपवत नाही, त्याचं "मग" सावकाश यांनी दोन ओळींत लिहून दाखवलं. मोनॅड म्हणजे अशुद्ध कोड ही समजूत फार पसरली आहे, आणि ती चुकीची आहे.

सावकाश

याला जोडून शिकण्याबद्दल. कोरीपाटी, मोनॅड म्हणजे डबा, मोनॅड म्हणजे पाइप, असले लेख शोधत बसू नका. ब्रेंट यॉर्गी यांनी 2009 मध्ये लिहिलं होतं की उदाहरणांशी झगडून झाल्यावर एखाद्याला जी उपमा सुचते, ती त्याच्या झगड्यामुळे त्याला उपयोगी असते. दुसऱ्याला नुसती उपमा देऊन तो झगडा टळत नाही. मला हे शंभर टक्के पटतं. मेबी, आयदर, लिस्ट आणि स्टेट (बदलती स्थिती पुढे नेणारा) या चौघांसाठी `>>=` स्वतः लिहा, लायब्ररीत न बघता. अडलात तर टाइप तुम्हाला ओढून नेतो: हातात काय आहे, द्यायचं काय आहे, जोडायला कुठलं फंक्शन आहे. स्टेटचं लिहिताना दोनदा तरी अडाल, आणि अडायलाच हवं.

अडल्यावर जागा सोडून तिथे अंडरस्कोर लिहा. त्याला टाइप्ड होल म्हणतात, जीएचसी 7.8 पासून आहे. कंपायलर सांगतो की या जागी अमुक टाइपची गोष्ट हवी, आणि आसपास कुठली नावं कुठल्या टाइपची आहेत. फंक्शनचं नाव माहीत नसेल पण टाइप माहीत असेल तर हूगल या हॅस्केलच्या शोधयंत्रात टाइपच टाकून शोधा. मी अजूनही रोज हे दोन्ही वापरतो.

कोरीपाटी

शैलीबद्दल एक विचारतो. इतरांच्या कोडमध्ये नावच न घेता नुसत्या डॉटने जोडलेली फंक्शनं दिसतात. मी आकडाचा पहिला, मेबीवाला अवतार वाचाच्या व्हेअरमध्ये तसा लिहून बघितला:

```
  व्हेअर
    आकडा = (>>= रीडमेबी) . फ्लिप लुकअप जोड्या
```

चाललं. मग मुदत अपूर्णांकात हवी म्हणून सेटिंगमध्ये ती डबल केली, तर टाइप एरर आली. `आकडा नाव = लुकअप नाव जोड्या >>= रीडमेबी` असं लिहिलं की पुन्हा चालतं. दोन्ही ओळींचा अर्थ एकच नाही का?

रेघोटी

अर्थ एकच, पण टाइप काढण्याचा नियम वेगळा लागतो. डावीकडे आर्ग्युमेंट नसेल आणि सिग्नेचरही (टाइप सांगणारी ओळ) नसेल, तर मोनोमॉर्फिझम रिस्ट्रिक्शन लागू होतं. टाइपक्लासची अट असलेला टाइप तिथे सर्वसाधारण केला जात नाही, एकच टाइप ठरवला जातो. इथे अट आहे रीडची. पहिल्या वापराने इंट म्हटलं, दुसऱ्याने डबल, आणि दोन्ही एकदम होऊ शकत नाहीत. आर्ग्युमेंट लिहिलं की ते फंक्शन म्हणून धरलं जातं आणि अडथळा जातो.

खरा उपाय सिग्नेचर लिहिणं:

```
    आकडा :: रीड अ => स्ट्रिंग -> मेबी अ
```

मग दोन्ही पद्धती चालतात. व्हेअरमधल्या फंक्शनलाही सिग्नेचर द्यायची सवय ठेवा. गॅडट किंवा टाइप फॅमिलीची एक्स्टेंशन (भाषेतली ऐच्छिक भर) चालू असली, तर बाहेरची नावं वापरणारी आतली फंक्शनं आर्ग्युमेंट असूनही सर्वसाधारण होत नाहीत, तेव्हाही सिग्नेचरच वाचवते.

डॉटची शैली मला मनापासून आवडते, कारण `लेंथ . फिल्टर रिकामीनाही . लाइन्स` वाचताना डेटा उजवीकडून डावीकडे वाहताना दिसतो, मधल्या नावांची अडगळ नसते.

पानगळ

तुमचं हे उदाहरण चांगलंच आहे, प्रत्येक तुकडा एक आर्ग्युमेंट घेतो आणि एक देतो. कोरीपाटींच्या ओळीत मात्र फ्लिप आहे आणि ऑपरेटरचा अर्धा तुकडा आहे. तिथे वाचणाऱ्याला थांबून टाइप जुळवावे लागतात. मी कोड तपासताना हीच रेघ ओढते: फ्लिप लागला, किंवा डॉटलाच डॉटने जोडावं लागलं, की आर्ग्युमेंटला नाव द्या. सहा महिन्यांनी एरर शोधताना ते नावच हाताशी येतं.

डॉलरबद्दलही हेच. `$` ची प्राथमिकता 0, सगळ्यात कमी, डॉटची 9, आणि फंक्शनला आर्ग्युमेंट देणं या सगळ्यांपेक्षा घट्ट. म्हणून `रीडमेबी लुकअप नाव जोड्या` लिहिलं तर रीडमेबीला तीन आर्ग्युमेंट दिल्यासारखं होतं, आणि `फ -1` म्हणजे फ वजा 1, तिथे `फ (-1)` लिहावं लागतं. एका ओळीत पाच डॉलर टाकण्याऐवजी डॉटची साखळी आणि शेवटी एक डॉलर ठेवा. ती साखळी पुढे कधीही उचलून तिला नाव देता येतं. डॉलरच्या रांगेचा मधलाच तुकडा असा सुटा उचलता येत नाही.

इंडेंटेशन, स्वल्पविराम ओळीच्या सुरुवातीला की शेवटी, यावर टीममध्ये वाद घालत बसू नका. ऑर्मोलू किंवा फोरमोलू हे कोडची मांडणी आपोआप करणारं साधन लावा आणि विषय संपवा. ते वाचवलेले तास नावांवर आणि टाइपवर घालवा.

कोरीपाटी

सगळं जोडून पुन्हा लिहिलं. न्यूटाइप, आयदर, वाचा एका ओळीत, मेनमध्ये एकच केस. आता एक नवीनच अडचण. प्रोग्राम संपताना बदललेली सेटिंग त्याच फाइलमध्ये परत लिहायची आहे, पण कधीकधी "फाइल लॉक आहे" अशी एरर येते. फाइल तर सुरुवातीलाच वाचून झालेली असते.

पानगळ

वाचून झालेली नसते. प्रेल्यूडमधलं (आपोआप मिळणाऱ्या मूळ मॉड्यूलमधलं) रीडफाइल आळशी आहे. ते फाइल उघडतं आणि मजकूर लागेल तसतसा वाचतं. शेवटपर्यंत वाचलं गेलं नाही तर फाइल उघडीच राहते, आणि हॅस्केल तिच्यावर लिहू देत नाही. तुमचं लुकअप हवी ती ओळ सापडली की थांबतं, पुढच्या ओळींना हातच लागत नाही. म्हणून "कधीकधी": वाचता वाचता फाइलचा शेवट गाठला गेला तर चालतं, नाहीतर अडतं.

जीएचसी 9.0 पासून सिस्टिम डॉट आयओ मॉड्यूलमध्ये नावाच्या शेवटी एकेरी अवतरणचिन्ह असलेलं रीडफाइल आहे, ते पूर्ण फाइल वाचून बंद करतं. त्याहून चांगलं म्हणजे टेक्स्ट लायब्ररीतलं रीडफाइल वापरा, तेही सगळं एकदम वाचतं, आणि स्ट्रिंग ही अक्षरांची साखळी-लिस्ट असल्यामुळे जी मेमरी वाया जाते तीही वाचते. टेक्स्टवर रीडमेबी चालत नाही. तिथे डेसिमल नावाचं फंक्शन आहे, ते आयदर देतं, पण आकडा आणि उरलेला मजकूर अशी जोडी देतं. उरलेला मजकूर रिकामा आहे का हे तपासायला विसरू नका, नाहीतर "8080अबक" हेही पोर्ट म्हणून आत येईल.